ताटाची उजवी कड

अण्णा जेवताना ताटाच्या उजव्या कडेला एक घास ठेवतात. पोळीचा किंवा भाकरीचा तुकडा, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि त्याला लागेल इतकी भाजी. बाकीचं ताट स्वच्छ होतं, पाणी पिऊन होतं, तुकडा तिथंच असतो. मग ते ताट उचलून स्वयंपाकघरात जातात, ओट्यापाशी जरा थांबतात आणि तुकडा ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतात. वाया गेलेल्या अन्नाबद्दल ते कधी हळहळत नाहीत आणि पुढच्या जेवणाला पुन्हा तेच करतात.

मी तुर्भ्याला अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मसाल्यातली बुरशी, लोणच्यातली आम्लता, फरसाणातलं तेल किती जुनं आहे, असली कामं. कधी एखादा नवा पदार्थ बाजारात येण्याआधी लोकांना खाऊ घालून त्यांचं मत घ्यायचं असतं. तिथे एक गोष्ट लवकर कळते. माणसं भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात. म्हणून आम्ही बोलण्यावर फार विसंबत नाही, ताटात काय उरलं ते बघतो.

अण्णांना काहीही विचारलं तरी ते “बरं हाय” म्हणतात. म्हणून मी त्यांचं ताट बघायला लागले.

अण्णा म्हणजे माझे वडील, रावसाहेब. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी वीज मंडळात वायरमन म्हणून नोकरी केली. गावातलं एकही घर असं नाही ज्याच्या छपरावर ते चढलेले नाहीत. आई गेल्यावर दोन वर्षं ते तिथे एकटेच राहिले. मग एका मंगळवारी बाजारात त्यांना चक्कर आली. माझा धाकटा भाऊ सुगत संभाजीनगरहून गाडी घेऊन गेला आणि त्यांना माझ्याकडे सीवूड्सला सोडून गेला, तपासण्या होईपर्यंत. तपासण्या झाल्या. रक्तदाबाची गोळी बदलली. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता महिन्याला यायची गरज नाही. या सगळ्यात वर्ष सरलं. अण्णांची बॅग अजून त्यांच्या पलंगाखालीच आहे. कपडे त्यातून काढतात आणि धुऊन वाळले की त्यातच ठेवतात. कपाटाचा एक खण मी रिकामा करून दिला होता. त्यात त्यांनी चष्म्याचं घर तेवढं ठेवलं.

मला ते इथे राहायला हवे होते. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते राहिले असते.

त्याऐवजी मी त्यांना दर रविवारी कुठेतरी जेवायला न्यायला लागले. हॉटेलात नाही. नवी मुंबईत माणसं सगळीकडून आलेली आहेत आणि येताना आपापली चूल घेऊन आलेली आहेत. थोडं शोधलं की सापडतात. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी कामगारांची एक खानावळ आहे. कांद्याच्या गोण्या उतरवून आलेली सातारची माणसं तिथे मांडी घालून बाजरीची भाकरी खातात. तिथे अण्णा वाढप्याशी पावसापाण्याचं बोलले. नेरुळला एका केरळी बाईंच्या मेसमध्ये तांदळाच्या पिठाचा वाफवलेला नळकांड्यासारखा पुट्टू मिळतो. तो बघून अण्णांनी विचारलं, “हा कोणत्या पाइपातून काढला?” बाईंनी खरोखरच स्वयंपाकघरातून पाइप आणून दाखवला. गुरुद्वारात लंगर जेवल्यावर ते बाहेर पडेनात. शोधलं तर भांडी घासणाऱ्यांच्या रांगेत बसले होते.

माझी मुलगी अबोली दहावीत आहे. ती म्हणायची, “आजोबा, तुमचा ट्रॅव्हल चॅनल काढू या आपण. फक्त प्रत्येक व्हिडिओत तुम्ही एकच डायलॉग मारणार.”

“कोणता?”

“बरं हाय.”

अण्णा हसायचे. पण माथाडींच्या खानावळीत, केरळी मेसमध्ये, लंगरमध्येसुद्धा ताटाच्या उजव्या कडेला तो तुकडा उरलाच. मी मनाशी अर्थ लावला होता. अजून आवडलेलं नाही. अजून शोधायला हवं.

घरात मात्र एक पदार्थ होता ज्याची परीक्षा मी घेतली नव्हती. गावाहून येताना अण्णांनी डब्यात सुकट आणली होती. समुद्र आमच्या गावापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे आणि गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही. पण दर मंगळवारी बाजारात पोत्यावर सुकट मांडलेली असते, वाळलेली बारीक कोळंबी. बाजाराच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत ती भाजल्याचा वास असतो. इथे आल्यावर एकदा अण्णांनी तव्यावर मूठभर भाजली. दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘कुणाच्या फ्लॅटमधून वास येतोय? प्लीज विंडोज बंद ठेवा.’ अबोलीने तो हसत हसत मोठ्याने वाचला. माझा नवरा निखिल म्हणाला, “अण्णा, तुम्ही बिनधास्त भाजा. सेक्रेटरीच्या घरात कुत्र्याचा शॅम्पू वास मारतो, त्याचं काय?” पण डबा पुन्हा स्वयंपाकघरात आला नाही.

शनिवारी सुगतचा फोन आला.

“जयभीम, ताई. ते गुरुजी परत आले होते.”

गुरुजी म्हणजे गावच्या शाळेत बदलून आलेले मास्तर. त्यांना आमचं घर भाड्याने हवं होतं. कुटुंब आणायचं होतं, करार करायचा होता. गावात दुसरी बऱ्या संडासाची रिकामी घरं फारशी नाहीत.

“त्यांना उद्या रात्रीपर्यंत सांगतो म्हणलंय,” सुगत म्हणाला. “एकदा ते राहायला आले की मग लेकरंबाळं असलेल्या माणसाला उठ म्हणता येत नाही. म्हणून विचारतोय. काय करायचं?”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय? अण्णा म्हणतील तसं.”

“अण्णा म्हणतात तुम्ही दोघं म्हणाल तसं.”

“मग तू म्हण की.”

“मी कशी म्हणू? घर त्यांचं आहे.”

सुगत म्हणाला, “आपल्या घरात ग्रामसभा भरलीय, ताई. सगळे हात वर करायला तयार, ठराव मांडायला कुणीच नाही.”

फोन स्पीकरवर होता. अण्णा बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, म्हणजे ऐकत होते. मी त्यांना विचारलं, “ऐकलं ना अण्णा?”

“ऐकलं,” ते म्हणाले. “तुमच्या मनानं करा.”

रविवारी अण्णा आणि मी दिवाळ्याला गेलो. बेलापूरपाशी खाडीवर हे जुनं कोळ्यांचं गाव आहे. सेक्टर आणि टॉवर त्याच्या भोवतीने वाढले. हिवाळ्यात खाडीतले फ्लेमिंगो बघायला लोक येतात, म्हणून गावातल्या काही बायका रविवारी सांगून ठेवलं तर जेवण करून देतात. माझ्या एका सहकारी बाईने यशोदाबाईंचा नंबर दिला होता. मी चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या सांगून ठेवल्या होत्या. चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे.

धक्क्याकडे वळताना अण्णा थांबले. सिमेंटवर जुन्या जाळ्या अंथरून त्यावर काहीतरी गुलबट, भुसकट दिसणारं पसरलं होतं. ते उकिडवे बसले, चिमूट उचलली, वास घेतला.

“ही सुकट हाय,” ते म्हणाले. “ही इथं कशी?”

“ओ बाबा!” समोरच्या घरातून आवाज आला. “चप्पल काढ आधी! त्यावर पाय नको देऊ, खायाची वस्तू हाय ती!”

साठीच्या पुढची एक बाई हातात खराटा घेऊन आली. अण्णांनी चपला काढल्या आणि हातात धरून उभे राहिले. मी नाव सांगितल्यावर ती यशोदाबाईच निघाली.

“तुमीच काय त्या फोनवाल्या? मंग सांगायचं नं. मना वाटला कोन जवला चोराया आला.”

“जवला नव्हं, सुकट,” अण्णा म्हणाले.

“हितं जवलाच बोलतात. ओला पन जवला, सुका पन जवला. तुमचा गाव खयचा?”

“जालन्याकडं. अंबड.”

“म्हंजे घाटावर.” तिने खराट्याने पूर्वेकडे दाखवलं. “तिकडंच जातं हे सगलं. व्यापारी येतो, गोन्या भरतो, घाटावर नेतो. आमी इचारतो त्याला, इतका कोन खातं रं? तो बोलतो, तिकडची लोकं खातात.”

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मीच खातो ते.”

“तू?”

“पन्नास वर्षं झाली. दर मंगळवारी.”

“मंग तवाच आमची पोरां शिकली,” यशोदाबाई म्हणाल्या आणि खराट्याने जवळा उलटायला लागल्या. अण्णा चपला हातात घेऊन त्यांच्यामागून चालत होते. किती दिवस वाळवता, ढग आलं तर काय करता, वाळू कशी निवडता. मी मागे उभी होते. ऊन चांगलं असेल तर एका दिवसात त्यातलं पाणी इतकं कमी होतं की जिवाणूंना त्यात वाढता येत नाही. मग तो पदार्थ बर्फाशिवाय घाट चढतो, गाव गाठतो, पोत्यावर बसून राहतो. हे मला कामामुळे माहीत होतं. मी लहानपणी खाल्लेली सुकट अशाच एखाद्या धक्क्यावरून आली असणार, हे मात्र इतक्या वर्षांत कधी मनात आलं नव्हतं. मी रोज याच खाडीच्या काठाने कामाला जाते.

ओटीवर आमची पानं वाढली. कालवण चांगलं होतं, काळ्या मसाल्याचं, वर नारळाचं वाटण. अण्णांना चिंबोरीची नांगी फोडता येईना. यशोदाबाईंनी वरवंटा आणून दिला.

“हाण,” त्या म्हणाल्या. “ती मेलेली हाय, भिऊ नको.”

अण्णांनी हाणली. रस्सा माझ्या ओढणीवर उडाला. आतला गर त्यांनी काढून खाल्ला.

“कसा हाय?”

“बरं हाय.”

यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “याला नाय आवडला.”

“ते सगळ्यालाच तसं म्हणतात,” मी म्हणाले.

अण्णा भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसले होते. तांदळाची भाकरी पांढरी आणि मऊ असते. ज्वारीच्या भाकरीसारखा तिला खरपूस पापुद्रा सुटत नाही. त्यांनी ती दोनदा उलटून बघितली. मग जरा संकोचून म्हणाले, “ती भाजून मिळंल का? बाहेर वाळू घातलीय ती?”

“जवला? तो आमी पावन्यांना नाय देत. पावनं इतक्या लांबून येतात, त्यांना सुका कोन वाढंल? ते आमचं खानं.”

“आमचंबी तेच हाय,” अण्णा म्हणाले.

त्या उठल्या. घराच्या बाजूला, उघड्यावर, विटांची चूल होती. तव्यावर आधी नुसता जवळा परतला, मग तेल, कांदा, मिरची, वर सुकवलेल्या कैरीच्या फोडी. वास ओटीवर आला, रस्त्यावर गेला. शेजारची एक बाई दारातून ओरडली, “काय गो यशोदे, पावन्यांना जवला घालतंस? लाज हाय का?”

“त्यांनीच मागला! घाटावरचा हाय!”

“मंग मना पन घाल!” म्हणत ती बाई वाटी घेऊन आलीच. तिच्या मागून आणखी एक जण आली. कुणी खिडकी लावली नाही. अण्णा हे सगळं बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी ओळखत होते. वीज गेल्यावर पुन्हा आली की गल्लीतले लोक ओरडायचे तेव्हा खांबावर बसलेल्या अण्णांचा चेहरा असा असायचा.

जेवण झालं. अण्णांनी दोन भाकऱ्या आणि वाढलेला सगळा जवळा संपवला. मी ताटाकडे पाहिलं.

उजव्या कडेला भाकरीचा तुकडा होता. त्यावर थोडा जवळा.

मला ते कळेना. शेजारणीच्या वाटीतला जवळाही ते आशेने बघत होते. त्यांना हे आवडलं होतं, याबद्दल मला शंका नव्हती. म्हणजे वर्षभर मी ज्याला उत्तर समजत होते ते या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं.

अण्णांनी ताटातला तो तुकडा उचलला. ते ओटीच्या पायरीवर गेले, खाली वाकले आणि जिभेने आवाज केला, “यू, यू, यू.”

खाली एक करड्या रंगाची मांजर बसली होती. तिने कान हलवले आणि दुसरीकडे बघितलं.

शेजारीण तोंडाला पदर लावून हसायला लागली. “मांजरीला यू यू कोन करतं, बाबा? ती काय कुतरा हाय?”

अण्णाही हसले. तुकडा त्यांनी मांजरीसमोर ठेवला. मांजरीने भाकरीवरचा जवळा तेवढा खाल्ला.

“घरान कुतरा हाय काय तुझ्या?” यशोदाबाईंनी विचारलं.

“हाय. घरात नव्हं, उंबऱ्यापाशी बसतो. हिची आई त्याला शेवटचा घास टाकायची. जेवण कितीबी थोडं असू द्या. ती गेली तर तो तिथंच येऊन बसायला लागला दोन्ही वेळा. मग मी टाकायला लागलो.” ते हात धुवायला वळले. “आता शेजारचा सदू टाकतो म्हणे. पर सदूचा काय भरवसा.”

मी गाव सोडलं तेव्हा बारावी झाले होते. आई त्या वेळी कुत्र्याला घालत होती की नाही, मला आठवत नाही. आमच्या फ्लॅटला उंबरा आहे, संगमरवराची पट्टी, सातव्या मजल्यावर. बाहेर लिफ्ट आहे. ओट्यापाशी जरा थांबून अण्णा कशाचा विचार करत असतील, ते मी वर्षभर चुकीचं मोजत आले होते. मोजणी व्यवस्थित होती. गृहीत धरलेली गोष्ट चुकली होती.

मी त्यांना विचारू शकले असते. तिथेच, त्या ओटीवर. शब्द तयार होते. पण मी विचारलं असतं तर ते पुन्हा “तुमच्या मनानं करा” म्हणाले असते, आणि माझ्या मनात काय आहे ते त्यांना माहीत होतं. बाप असल्यामुळे, न सांगता.

यशोदाबाई आतून कागदाच्या पिशव्या घेऊन आल्या. “नेताव नं थोडा जवला? कालचा वालवलेला, आज सकालीच काढलाय.”

“द्या,” मी म्हणाले.

“किती बांधू? घरान मानसां किती?”

“चौघं,” मी म्हणाले. “मुलगी खात नाही. पाव किलो पुष्कळ झाला.”

“थांबा, बाई,” अण्णा यशोदाबाईंना म्हणाले.

ते पायरीवर बसले होते, हात अजून ओले. त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवायला सुरुवात केली, पूर्वी खांबावर चढण्याआधी कोणाकोणाची लाइन बंद होणार ते मोजायचे तशी.

“एक मुक्ताबाईला. तिला दात नाहीत, पर ती कुटून खाती. सदूच्या घरी पाच माणसं. त्याच्या समोरचे दोघं भाऊ. विहिरीकडच्या घरात द्यावं लागंल, न्हाईतर वास आल्यावर बोलत्यात.” अंगठा पुढे सरकत होता. “आन आपलं.”

“म्हंजे किती रं, बाबा?”

“दोन किलो बांधा.”

यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “अण्णा, दोन किलो आपल्याला वर्षभर संपणार नाही. खाडीजवळची हवा दमट असते. पावसाळ्यात ओल धरेल, बुरशी येईल.”

हे सगळं खरं होतं. मी ते कामावर बोलते त्या आवाजात बोलले.

“हितं धरंल,” अण्णा म्हणाले.

शेजारीण वाटी घेऊन निघाली होती ती थांबली. मांजर भाकरीचा उरलेला तुकडा हुंगून निघून गेली. अण्णांनी ओले हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी बोलण्याआधी माझा चेहरा तपासला नाही.

“सुगतला फोन लाव,” ते म्हणाले. “त्याला म्हणावं, गुरुजीला दुसरं घर बघून दे. मी घरी येतोय.”